ब्रॉयलर कोंबडीची आनुवंशिक निवड आणि तिचे अर्थकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या दुकानात कोंबडी घेणाऱ्या गृहिणीपासून पनवेल-कर्जत भागात शेड चालवणाऱ्या पालनदारापर्यंत, आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपासून उपाहारगृहाच्या खरेदी विभागापर्यंत, अनेकांच्या मनात ब्रॉयलरबद्दल प्रश्न असतात. त्यांपैकी जे पैदाशीच्या अर्थकारणाशी निगडित आहेत, त्यांचीच उत्तरे येथे दिली आहेत. हिशेबाच्या सोयीसाठी सर्वत्र खाद्याचा भाव किलोला ४० रुपये धरला आहे. प्रत्यक्षात तो मका आणि सोयाबीन पेंडीच्या बाजाराबरोबर खालीवर होतो, आणि त्याचा निकालावर कसा परिणाम होतो ते शेवटच्या उत्तरात दिसेल.

प्रश्न : आनुवंशिक निवड म्हणजे काय, आणि तिच्यात अर्थशास्त्राचा संबंध कुठे येतो?

एका पिढीतील कोणत्या पक्ष्यांना पुढच्या पिढीचे आईबाप होऊ द्यायचे, हे ठरवणे म्हणजे निवड. जनुकांमध्ये बाहेरून काही घातले जात नाही. जे पक्षी अधिक वेगाने वाढले, ज्यांनी कमी खाद्यात तेवढेच वजन दिले, ज्यांचे पाय भक्कम राहिले, त्यांच्यापासून पिल्ले घेतली जातात आणि बाकीचे पैदाशीतून वगळले जातात.

अर्थशास्त्राचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला असा की सुधारणा टिकून राहते. चांगले खाद्य दिले तर त्याचा लाभ त्या बॅचपुरता असतो आणि पुढच्या बॅचला तोच खर्च पुन्हा करावा लागतो, परंतु शुद्ध वंशात एकदा साधलेली सुधारणा पुढच्या प्रत्येक पिढीत उतरते आणि नवी सुधारणा तिच्यावर चढत जाते. खर्च एकदा होतो आणि उत्पन्न वर्षानुवर्षे येत राहते. दुसरा संबंध अधिक महत्त्वाचा आहे. कोणता गुण ‘चांगला’ हे निसर्ग ठरवत नाही, बाजार ठरवतो. ज्या गुणाला कोणी पैसे देत नाही, तो गुण निवडीत मागे पडतो. या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीकडे परत येतील.

प्रश्न : पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची कोंबडी होते, ती इंजेक्शनमुळे ना?

मुंबईत हा प्रश्न इतक्या वेळा विचारला जातो की त्याला नीट उत्तर देणे कर्तव्य वाटते. नाही, ती वाढ इंजेक्शनमुळे होत नाही. वाढीचे संप्रेरक हे प्रथिन असल्यामुळे खाद्यातून दिले तर ते पचून जाते. त्याचा परिणाम हवा असेल तर प्रत्येक पक्ष्याला ते पुन्हा पुन्हा टोचावे लागेल. दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये ते अशक्य आहे, आणि शक्य असते तरी खर्चाला परवडले नसते. पिल्लांना लसी मात्र दिल्या जातात. उबवणी केंद्रातच मॅरेक रोगाची लस टोचतात, आणि मानमोडी व गंबोरो या रोगांच्या लसी पुढे थेंबांतून किंवा पाण्यातून देतात. त्यांचा वाढीच्या वेगाशी संबंध नाही. प्रतिजैविकांच्या गैरवापराचा प्रश्न खरा आणि गंभीर आहे, परंतु तो वेगळा आहे.

मग वेग आला कुठून? अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात हॅवनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी आणि निर्णायक तुलना केली. १९५७ च्या सुमाराचा एक वंश निवड न करता जपून ठेवलेला होता. तो आणि २००१ मधील व्यापारी ब्रॉयलर, हे दोन्ही पक्षी त्यांनी १९५७ च्या आणि २००१ च्या अशा दोन्ही प्रकारच्या खाद्यांवर वाढवले. २००१ चा पक्षी त्याच्या काळच्या खाद्यावर ३२ व्या दिवशी १,८१५ ग्रॅमवर पोहोचला आणि किलोमागे त्याला १.४७ किलो खाद्य लागले. जुन्या वंशाला जुन्या खाद्यावर तेवढ्याच वजनासाठी १०१ दिवस लागले असते आणि किलोमागे ४.४२ किलो खाद्य खर्ची पडले असते. या फरकाचा ८५ ते ९० टक्के भाग आनुवंशिक निवडीचा आणि उरलेला आहारशास्त्राचा, असा निष्कर्ष त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ मध्ये १९५७, १९७८ आणि २००५ या तीन काळांतील पक्षी एकाच खाद्यावर वाढवल्याचे निकाल दिले. ५६ व्या दिवशी त्यांची वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. खाद्य एकच असल्यामुळे फरक फक्त वंशाचा होता.

हॅवनस्टाइन यांचे आकडे रुपयांत मांडून पाहावेत. १,८१५ ग्रॅमच्या जुन्या पक्ष्याला सुमारे ८ किलो खाद्य, म्हणजे आपल्या धरलेल्या भावाने ३२० रुपये. नव्या पक्ष्याला सुमारे २.७ किलो, म्हणजे साधारण १०७ रुपये. मुंबईत कोंबडी सणावारापुरती न राहता रोजच्या ताटात आली, त्यामागे हा फरक आहे.

प्रश्न : एफसीआर किंचित सुधारला तर असा कितीसा फरक पडतो?

एफसीआर म्हणजे एक किलो जिवंत वजनासाठी लागलेले खाद्य. ब्रॉयलरच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा साधारण दोनतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक असतो. एफसीआर १.६५ वरून १.६० झाला तर दोन किलोच्या पक्ष्यामागे १०० ग्रॅम खाद्य वाचते. ते ४ रुपये झाले. दहा हजारांच्या एका बॅचला हेच ४० हजार रुपये होतात.

वेगाचा लाभ वेगळ्या मार्गाने येतो. समजा ४२ दिवसांऐवजी ३८ दिवसांत तेच वजन आले. दोन बॅचमधील साफसफाईचे आणि शेड मोकळी ठेवण्याचे १५ दिवस धरले, तर वर्षाला सुमारे ६.४ ऐवजी ६.९ बॅच निघतात. त्याच शेडवर, त्याच कर्जाच्या हप्त्यावर अर्धी बॅच जास्त मिळते. शिवाय पक्षी जगवण्यापुरते जे खाद्य रोज लागते, ते चार दिवसांचे वाचते. वाढीचा वेग आणि एफसीआर यांची सुधारणा इतकी वर्षे हातात हात घालून चालली, त्याचे एक कारण हेच आहे.

प्रश्न : शुद्ध वंशापासून आपल्या ताटापर्यंतची साखळी कशी असते?

सर्वांत वर शुद्ध वंश असतात. तेथील प्रत्येक पक्ष्याचे आईबाप नोंदलेले असतात आणि खरी निवड फक्त तेथेच होते. त्याखाली पणजी पिढी, मग आजी पिढी, मग पेरेंट म्हणजे ब्रॉयलरचे आईबाप आणि सर्वांत खाली बाजारात येणारा ब्रॉयलर. खालच्या पायऱ्यांवर फक्त संख्या वाढवली जाते. सामान्यतः चार वंश वापरतात, दोन बापाच्या बाजूचे आणि दोन आईच्या बाजूचे. बापाकडच्या वंशांत वाढ, मांस आणि खाद्यकार्यक्षमता यांवर भर असतो. आईकडच्या वंशांत त्याबरोबर अंड्यांची संख्या आणि उबवणक्षमता पाहावीच लागते.

संख्या कशी फुगते ते उदाहरणाने पाहू. पणजी पिढीच्या एका कोंबडीपासून आजी पिढीच्या ५० उपयोगी माद्या मिळाल्या आणि त्या प्रत्येकीपासून पेरेंटच्या ५० माद्या, असे धरले, तर २,५०० पेरेंट कोंबड्या झाल्या. प्रत्येकीने तिच्या आयुष्यात १४० पिल्ले दिली, तर साडेतीन लाख ब्रॉयलर होतात आणि दोन किलोप्रमाणे ७०० टन जिवंत वजन भरते. एवढ्या पक्ष्यांचा एफसीआर नुसता ०.०१ ने सुधारला, तरी ७ टन खाद्य वाचते. येथे एक सावधगिरी हवी. चार वंशांपैकी एकाच वंशात सुधारणा झाली, तर ब्रॉयलरपर्यंत तिचा एकचतुर्थांश भागच पोहोचतो, म्हणून चारही वंशांवर काम करावे लागते. तरीही वरच्या थोड्या हजार पक्ष्यांवर केलेला मोठा खर्च खालच्या कोट्यवधी पक्ष्यांवर विभागला जातो आणि एका पिल्लामागे अगदी थोडा उरतो. या साखळीचे सगळे अर्थकारण त्या भागाकारात आहे.

वर केलेली सुधारणा खाली यायला मात्र चार-पाच वर्षे लागतात. आज निवड करणाऱ्याला तेव्हाचा बाजार ओळखावा लागतो.

प्रश्न : पालनदार चांगले ब्रॉयलर राखून स्वतःच पिल्ले का काढत नाही?

ज्यांनी संकरित ज्वारी किंवा कपाशी केली आहे त्यांना हे लगेच समजेल. ब्रॉयलर हा चार वंशांचा संकर आहे. त्याच्यापासून पुढची पिढी काढली तर गुण विखुरतात, काही पिल्ले वेगाने वाढतात तर काही मागे राहतात, आणि संकरामुळे आलेला जोमही कमी होतो. एकसारख्या वजनाची बॅच मिळत नाही, आणि व्यापाऱ्याला एकसारखाच माल हवा असतो. त्याशिवाय ब्रॉयलर साधारण २४ आठवड्यांनी अंड्यावर येतो. तोपर्यंत त्याला पोटभर खाऊ घातले तर तो इतका लठ्ठ होतो की अंडी धड मिळत नाहीत.

आजी पिढी विकताना कंपन्या प्रत्येक वंशाचे एकच लिंग देतात, या वंशाचे फक्त नर आणि त्या वंशाच्या फक्त माद्या. त्यामुळे खरेदीदाराला शुद्ध वंश पुढे चालवता येत नाही. पेटंटविना संशोधनाचे मोल वसूल करण्याची ही जैविक तिजोरीच आहे. तिच्यामुळे खासगी भांडवल या क्षेत्रात आले हे मान्य करावे लागते, आणि तिच्यामुळेच पालनदार कायमचा खरेदीदार राहिला हेही.

प्रश्न : कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यायचे, हे कसे ठरते?

यासाठी निवड-निर्देशांक वापरतात. त्याची शास्त्रीय मांडणी हेझेल यांनी १९४३ मध्ये केली. प्रत्येक गुणाला एक आर्थिक भार दिला जातो. बाकी सर्व तसेच राहून तो गुण एका एककाने सुधारला तर नफा किती रुपयांनी वाढेल, हा तो भार. मग त्या गुणाची अनुवंशक्षमता, म्हणजे पक्ष्यापक्ष्यांतील फरकाचा किती भाग पिल्लांत उतरतो ते, आणि इतर गुणांशी असलेला संबंध लक्षात घेऊन प्रत्येक पक्ष्याला एक गुणांक मिळतो. वजनाची अनुवंशक्षमता बरीच असते, साधारण ०.३ ते ०.४, म्हणून त्यात प्रगती झपाट्याने होते. अंडी आणि उबवणीशी निगडित गुणांची कमी असते.

खरा प्रश्न हा आहे की आर्थिक भार कोणाच्या बाजारातला. अमेरिका आणि युरोपमध्ये कोंबडी कारखान्यात कापून भागांनी विकली जाते आणि छातीचे मांस सर्वांत महाग असते. मुंबईची रीत निराळी आहे. रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, पुणे या जिल्ह्यांतून जाळीचे ट्रक येतात, माल जिवंत वजनावर तोलला जातो आणि गिऱ्हाइकासमोर कापला जातो. क्रॉफर्ड मार्केट असो वा उपनगरातील गल्लीतले दुकान, शेडवरचा सौदा जिवंत किलोवरच होतो. आता हिशेब पाहा. छातीचे मांस जिवंत वजनाच्या एका टक्क्याने वाढले, तर दोन किलोच्या पक्ष्यात ते २० ग्रॅम झाले. कापून विकणाऱ्याला छातीच्या मांसाला इतर भागांपेक्षा किलोला १५० रुपये जास्त मिळत असतील, तर त्याचा लाभ ३ रुपये. मुंबईला जिवंत पक्षी पाठवणाऱ्या पालनदाराचा लाभ शून्य, कारण काट्यावर छाती आणि आतडे एकाच भावाने तोलले जातात. उलट एफसीआर ०.०५ ने सुधारला, तर दोघांनाही ४ रुपये मिळतात.

आपल्याकडच्या रश्श्याला हाडासकट मांस लागते आणि घरात तंगडीसाठी मुले भांडतात. तंदुरीवाल्याला लहान पक्षी हवा असतो. कातडी बहुतेक घरांत काढूनच टाकतात, तेव्हा कातडीखालची चरबी हे गिऱ्हाइकाचे सरळ नुकसान असते. अशा बाजारासाठी निर्देशांक बांधायचा झाला, तर छातीचा भार कमी, आणि तगून राहणे, उष्णता सोसणे, कमी चरबी यांचा भार जास्त ठेवावा लागेल. परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला वंश येथे आणला म्हणजे जो गुण आपण विकतच नाही त्याची किंमत आपण इतर गुणांतून चुकवतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बोनलेसची आणि शीतपेटीतील मालाची मागणी मुंबईत वाढते आहे, तसतसे हे चित्र बदलेल. पण ते बदलले आहे असे धरून चालणे घाईचे ठरेल.

प्रश्न : पेरेंट कोंबड्यांना उपाशी ठेवतात हे खरे आहे का?

त्यांना मोजून खाद्य देतात, आणि ते त्यांच्या भुकेपेक्षा बरेच कमी असते. ज्या जनुकांमुळे ब्रॉयलर भराभर वाढतो, तीच जनुके त्याच्या आईतही असतात, आणि पोटभर खाल्लेली आई लठ्ठ होऊन कमी अंडी देते, लवकर मरते. वाढ आणि प्रजनन यांचा हा विरोध निवडीने निर्माण केलेला आहे आणि जसजसा वेग वाढतो तसतसा तो तीव्र होतो. मला हा या व्यवसायातील सर्वांत अवघड नैतिक प्रश्न वाटतो.

यावर एक उपाय बुटकेपणाच्या जनुकाचा आहे. ते लिंगसंलग्न, म्हणजे लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असल्यामुळे आई लहान राहते व कमी खाते, पण मोठ्या वाणाच्या बापामुळे पिल्ले जवळजवळ नेहमीसारखी वाढतात. काही मध्यम वेगाच्या जातींत त्याचा वापर होतो.

प्रश्न : जगातील पैदास मूठभर कंपन्यांच्या हाती का गेली?

भागाकारामुळेच. शुद्ध वंशांचा खर्च जवळजवळ स्थिर असतो. तो दहा कोटी पिल्लांवर विभागायचा की हजार कोटींवर, यावर कोण टिकेल हे ठरते. १९४८ साली अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या स्पर्धेची अंतिम फेरी झाली, तेव्हा तेथे अनेक लहान पैदासकार होते. त्या स्पर्धेत चार्ल्स व्हँट्रेस यांचा संकर विजयी ठरला, आणि त्यांचे नाव आज कॉब-व्हँट्रेस या कंपनीच्या नावात उरले आहे. ती टायसन फूड्सच्या मालकीची आहे. रॉस आणि आर्बर एकर्स हे वंश असलेली एव्हियाजेन जर्मनीच्या ईडब्ल्यू समूहाकडे आहे, आणि २०१८ मध्ये हबर्डही त्याच छत्राखाली गेली.

भारतात डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या वेंकटेश्वरा हॅचरीजने कॉबशी सहकार्य करून वेंकॉब हे नाव घराघरांत पोहोचवले. सार्वजनिक क्षेत्रातही काम झाले आहे. इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने रंगीत पिसांचा कृषिब्रो आणि परसासाठी वनराजा तयार केला, आणि मुंबईत आरे वसाहतीत केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे. वेगाच्या शर्यतीत या संस्था खासगी भांडवलाला गाठू शकणार नाहीत आणि त्यांनी तसा प्रयत्नही करू नये. ज्या गुणांना बाजार पैसे देत नाही पण समाजाला ज्यांची गरज आहे, ते जपण्याचे काम त्यांच्याशिवाय कोण करणार? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात व्यापारी वंशांतून मूळ जनुकीय वैविध्याचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग नाहीसा झाल्याचे आढळले होते. ते वैविध्य म्हणजे पुढच्या अनोळखी रोगासाठी उतरवलेला विमा आहे, आणि त्याचा हप्ता कोणतीही एक कंपनी स्वतःहून भरत नाही.

प्रश्न : निवडीचा फायदा शेवटी कोणाच्या पदरात पडतो?

दीर्घकाळात मोठा वाटा ग्राहकाला मिळतो. नवा वंश प्रथम आणणाऱ्याला काही काळ जादा नफा होतो. मग सगळेच तो आणतात, उत्पादन वाढते, भाव खाली येतो आणि नफा पूर्वीच्या पातळीला परततो. तोपर्यंत जो मागे राहिला तो तोट्यात जातो. म्हणजे पालनदाराला जागच्या जागी राहण्यासाठीही नवा वंश घ्यावाच लागतो.

करार पद्धतीत चित्र थोडे वेगळे दिसते. कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषधे देते. पालनदार शेड, मजुरी, वीज आणि पाणी पुरवतो, आणि त्याला जिवंत किलोमागे संगोपनाचा दर मिळतो. एफसीआर व मरतुक ठरलेल्या प्रमाणापेक्षा चांगली असेल तर वर बक्षीस मिळते. नव्या वंशामुळे एफसीआर सुधारला की बहुधा ते प्रमाणही अधिक कडक केले जाते, त्यामुळे वंशाचे श्रेय कंपनीकडे राहते आणि पालनदाराकडे फक्त त्याच्या व्यवस्थापनाचे येते. तत्त्व म्हणून ते योग्यही म्हणता येईल. परंतु वेगाने वाढणारा पक्षी हवा, पाणी आणि तापमान यांतील चूक कमी खपवून घेतो, म्हणून पंखे, फॉगर, जनित्र असा शेडवरचा खर्च वाढतो, आणि तो पालनदाराच्या खिशातून जातो. वंश बदलला की संगोपनाचा दर पुन्हा बसवला पाहिजे. कराराच्या मसुद्यात हे कलम आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : वेगाबरोबर आलेल्या व्याधींची किंमत हिशेबात धरतात का?

आता धरतात, पूर्वी पुरेशी धरत नसत. पाय अधू होणे, हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साचणे, धडधाकट पक्षी अचानक मरणे, या तक्रारी वेगाशी निगडित आहेत. मरतुकीचा खर्च ती कोणत्या दिवशी झाली यावर अवलंबून असतो. तिसऱ्या दिवशी मेलेल्या पिल्लाबरोबर पिल्लाचीच किंमत जाते, पण ३५ व्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने तोपर्यंत सुमारे ३ किलो खाद्य खाल्लेले असते. दहा हजारांत एक टक्का उशिराची मरतुक म्हणजे १०० पक्षी, खाद्याचेच १२ हजार रुपये आणि पिल्लांचे वेगळे. म्हणून आज पायांची मजबुती आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता निर्देशांकात असतात. छातीचा स्नायू लाकडासारखा कडक होणे किंवा त्यावर पांढऱ्या रेषा उमटणे, हे विकार मात्र गेल्या दशकभरात कापून विकणाऱ्या देशांत ठळकपणे पुढे आले. लहान वजनाला पक्षी विकणाऱ्या आपल्या बाजाराला त्यांची झळ कमी बसते.

पक्ष्याला होणाऱ्या वेदनेचा जो भाग मरतुकीत किंवा एफसीआरमध्ये दिसत नाही, त्याला रुपयांचा भार आपोआप मिळत नाही. तो ग्राहकाच्या आग्रहाने किंवा कायद्याने द्यावा लागतो.

प्रश्न : जनुकांची थेट तपासणी करून निवड केल्याने काय बदलले?

कोंबडीचा जनुकसंच २००४ मध्ये वाचून झाला. त्याआधी २००१ मध्येच हजारो जनुकीय खुणांवरून पक्ष्याचे मूल्य वर्तवण्याची पद्धत मांडली गेली होती. कोंबडीचे पिढीअंतर मुळातच लहान असल्यामुळे गायीम्हशींइतका वेळ येथे वाचत नाही. लाभ होतो तो अचूकतेत, विशेषतः अंडी, रोगप्रतिकार, मांसाचा दर्जा अशा गुणांत, जे नरात दिसत नाहीत किंवा पक्षी मारल्याशिवाय मोजता येत नाहीत. तपासणीचा खर्चही वरच्याच पायरीवर होत असल्याने तो परवडतो.

प्रश्न : गावठी आणि कडकनाथ इतके महाग का?

कारण त्यांच्यावर वेगाची निवड झालेली नाही. कडकनाथ पाच महिन्यांतही किलोच्या आसपासच असतो. तोपर्यंत त्याने खाल्लेले खाद्य, अडवलेली जागा आणि सोसलेली जोखीम किलोमागे कितीतरी जास्त असते. परसात किडेमुंग्या आणि उष्टे-खरकटे खाऊन वाढणाऱ्या गावठीचे गणित निराळे आहे, तेथे खाद्याचा खर्च जवळजवळ नसतो. मात्र तीच गावठी शेडमध्ये विकतचे खाद्य घालून वाढवली तर चढ्या भावातही फार काही उरत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात चांगला वंशही का कोलमडतो?

वेगाने वाढणारा पक्षी खाद्य जास्त खातो आणि उष्णताही जास्त निर्माण करतो. शुद्ध वंशांची निवड बहुधा थंड हवामानात, अतिशय स्वच्छ आणि नियंत्रित फार्मवर होते. तेथे पहिला आलेला पक्षी मे महिन्यातल्या कर्जतच्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये पहिला येईलच असे नाही. मान उघडी ठेवणारे एक जनुक पिसे साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी करते आणि पक्ष्याला उष्णता टाकायला मदत करते. ते आपल्या देशी कोंबड्यांतही आहे. सोललेल्या पक्ष्याच्या दिसण्याबद्दल चोखंदळ नसलेल्या, कातडी काढून विकणाऱ्या आपल्या बाजारात त्याला अडचण येऊ नये.

प्रश्न : वंश तोच असताना मुंबईत भाव रोज का बदलतो?

पुरवठा आधीच ठरून गेलेला असतो म्हणून. पेरेंटची पिल्ले आज शेडमध्ये टाकली तर २५ आठवडे अंड्यावर यायला, ३ आठवडे उबवणीला आणि ६ आठवडे ब्रॉयलरच्या वाढीला लागतात. म्हणजे पहिला माल साधारण आठ महिन्यांनी आणि शेवटचा सतरा महिन्यांनी येतो. गटारीला मागणी उसळते, श्रावणात ती कोसळते, पण ४० व्या दिवशी तयार झालेला पक्षी थांबवता येत नाही. त्यानंतरचा प्रत्येक दिवस वाढत्या एफसीआरचा असतो. निवडीने जेवढा वेग दिला, तेवढी थांबण्याची मुभा काढून घेतली.

प्रश्न : दोन वंशांची तुलना पालनदाराने कशी करावी?

बहुतेकजण युरोपीय उत्पादन निर्देशांक पाहतात. जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी गुणिले सरासरी वजन, त्याला वय गुणिले एफसीआरने भागायचे आणि शंभराने गुणायचे. समजा पहिल्या वंशात ९५ टक्के पक्षी जगले, वजन २ किलो, वय ३८ दिवस, एफसीआर १.६० आणि निर्देशांक ३१२. दुसऱ्यात ९७ टक्के, १.९ किलो, ३९ दिवस, १.५५ आणि निर्देशांक ३०५. पहिला सरस दिसतो.

आता पिल्लू ३५ रुपये आणि जिवंत भाव किलोला १०० रुपये धरून पैशांत मांडू. पहिल्यात टाकलेल्या प्रत्येक पिल्लामागे १.९ किलो विक्री, म्हणजे १९० रुपये. खाद्य ३.०४ किलोचे १२१.६० रुपये आणि पिल्लू वजा जाता ३३.४० रुपये उरतात. दुसऱ्यात १.८४३ किलोचे १८४.३० रुपये, खाद्याचे सुमारे ११४.३० रुपये आणि पिल्लू वजा जाता ३५ रुपये उरतात. निर्देशांकात मागे असलेला वंश खिशात पुढे आहे. खाद्य किलोला ३० रुपये झाले तर पहिल्यात ६३.८० आणि दुसऱ्यात सुमारे ६३.६० रुपये उरतात, म्हणजे क्रम फिरतो.

म्हणून तुलना करताना शेड, हंगाम आणि खाद्य एकच ठेवावे, एका बॅचवर निष्कर्ष काढू नये, उन्हाळ्याची किमान एक बॅच त्यात असावी, आणि हिशेब आपल्या भागातल्या त्या आठवड्याच्या मका, पेंड व जिवंत कोंबडीच्या भावाने करावा.